पासिंगची बाटली

आज मी चार अक्षरं शिकून उभा आहे तो माझ्या भावोजींमुळे. भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. पाली ते रत्नागिरी भाड्याची काळी-पिवळी जीप चालवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं आणि भावोजींची शाळा चौथीतच सुटलेली. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा ड्रायव्हरशेजारची सीट त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली. पदवी मिळेपर्यंत रोज सकाळच्या पहिल्या फेरीला मला नेलं. दुसरा कोणी तिथे बसू लागला की म्हणायचे, "तिथं नको. तिथं आमचं सायन्स बसतं."

गाडीचं दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागे. गाडी रत्नागिरीला आरटीओत न्यायची, तिथल्या साहेबांना ब्रेक, दिवे, टायर दाखवायचे आणि त्यांनी सही केली तरच पुढलं वर्षभर प्रवासी घ्यायचे. त्यात प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवायची लाल बाटलीही दाखवावी लागे. पालीच्या स्टँडवर सहा जीपगाड्या होत्या आणि सहांत मिळून बाटली एक. ती चहाच्या टपरीत बिस्किटांच्या बरण्यांशेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली असे. ज्याचं पासिंग, त्याने ती न्यायची. दसऱ्याला गाड्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लागे. चुकून कोणाचा हात लागून ती सुटू नये, म्हणून पिनेवर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली होती. तिला सगळे पासिंगची बाटली म्हणत. आगीची बाटली असं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीच्या तोंडावर दोन गाड्यांचं पासिंग एकाच दिवशी आलं. एक भावोजींची आणि दुसरी स्टँडवरच्या सगळ्यांत वयस्कर ड्रायव्हरची. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांची गाडी पास झाली की बाटली कापडी पिशवीत घालून, कुंपणाला वळसा मारून भावोजींच्या गाडीत ठेवायची, हे काम माझं. मी ते चोख केलं.

साहेबांनी बाटली हातात घेतली, फिरवली. "हिला हळद लागलीय. मघाशी एका बाटलीला लागली होती."

"आमच्याकडं सगळ्याच बाटल्यांची पूजा होते साहेब," भावोजी म्हणाले.

"अस्सं? मग आता प्रसाद दाखवा. चालवा ही."

भावोजींनी तिचं डोकं सोड्याच्या बाटलीसारखं पिळून पाहिलं. मग पिनेवरची तार दिसली. तारेला पक्कड हवी होती. पक्कड मागच्या सीटखाली, जॅकच्या खाली, गोणपाटात. ती सापडेपर्यंत साहेबांनी पेन खिशाला लावून टाकलं होतं.

"तोवर तुमच्या नऊ पॅसेंजरांनी काय करायचं?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग माझ्याकडे वळले आणि काखेतलं प्रॅक्टिकलचं जर्नल बघून म्हणाले, "कॉलेजात आहेस ना? सायन्सला? आणि पिशवीतून हे आणलंस?"

आठ दिवसांनी स्वतःची बाटली घेऊन या, असं सांगून त्यांनी गाडी परत पाठवली. पासिंग नाही म्हणजे फेरी नाही. तेव्हाही सही मिळाली नाही, तर गणपतीला मुंबईहून माणसं रेल्वेने उतरणार आणि भावोजींची जीप अंगणात उभी राहणार. इतक्या वर्षांत त्यांची गाडी एकदाही परत आली नव्हती.

स्टँडवर बातमी आमच्या आधी पोचली होती. "सायन्सनं गाडी लटकवलीन!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "मेवण्याला शिकवतायत. घ्या आता!"

मी भावोजींना म्हटलं, "चूक माझी झाली. उद्यापासून मी एसटीने जातो."

"एसटीनं जा नायतर चालत जा. आधी ह्या बाटलीवर काय लिवलंय ते सांग." मग म्हणाले, "पाठीमागं माणसं घेऊन इतकी वर्षं फिरतोय मी. आणि ही उघडते कशी, मला ठाऊक नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची बाटली आणली आणि माझ्याच सीटच्या पुढे, हात पोचेल अशी पट्ट्याने बसवली. माझे पाय आखडले ते शेवटच्या वर्षापर्यंत. इंग्रजी सूचना मी मराठीत कागदावर उतरवल्या: पिन ओढा. तोंड आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, रोज बघा. कागद त्यांनी काचेखाली चिकटवला.

सरावाला नवी बाटली सोडता येईना, म्हणून टपरीतली घेतली. आबा आडवे आले. "ती सोडलीत तर आमचं काय?"

"तुमची तुम्ही घ्या," भावोजी म्हणाले.

स्टँडमागच्या कातळावर आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे वाळक्या साली, पेटवली. ती चांगली धरतात. भावोजींनी तार कापली, पिन ओढली, दांडा दाबला. तोंडातून चिमूटभर पांढरी पूड उडाली आणि बाटली गप्प झाली. कोकणातल्या दमट हवेने आतली पूड दगडासारखी बसली होती. शेवटी टपरीवाल्याने बादली ओतून जाळ विझवला.

आबा बाटलीकडे बघत राहिले. "हिची आपण दसऱ्याला पूजा केली रे," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी साहेबांनी मला लांब उभं केलं. "तू नाही. ड्रायव्हरने सांगायचं."

भावोजींनी पाढ्यासारखं म्हटलं: पिन ओढा, बुडाशी धरा, दांडा दाबा. हात न थांबता पट्टा सोडून बाटली वर आली.

"हिला हळद नाही?"

"दसऱ्याला लावू साहेब. पण आधी काटा बघू."

साहेब हसले आणि सही केली. गणपतीला आमची जीप स्टेशनवर पहिल्या रांगेत होती.

मग एकेक जण नवी बाटली घेऊन टपरीवर येऊ लागला. "आम्हालापण लिवून दे." मी पाच कागद लिहिले. आबांनी त्यांचा परत केला: "'दाबा' मोठं लिव. माझे डोळे बघ." माझ्या शिकण्याचा कोणाला उपयोग होतोय, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. पुढे मी बी.एड. केलं ते त्या पाच कागदांमुळे, असं मला वाटतं. नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात भावोजींना पत्र पाठवलं. ते ताईने त्यांना वाचून दाखवलं.

तीर्थस्वरूप भावोजींस,
साष्टांग नमस्कार. मी शाळेत रुजू झालो. विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत लाल बाटली आहे. पहिल्याच दिवशी बघितली, पिनेला सुतळी बांधलेली होती. सुतळी सोडून टाकली. मुलांकडून तुमच्या तीन ओळी पाठ करून घेतल्या. एक मुलगी म्हणाली, सर, हे परीक्षेला आहे का? मी म्हटलं, परीक्षेला नाही, पासिंगला आहे. कोणी हसलं नाही. तुम्ही हसला असता.
तुमच्या बाटलीची मुदत या महिन्यात संपते, ती भरून घ्या. आबांनाही आठवण करा. दिवाळीला येतो. सीट ठेवा.
तुमचं,
सायन्स