लाल गाडीचा खोटा काटा

ये गं, जरा जवळ ये. म्हणजे तो मोबाईल डोळ्यांजवळ धर आणि नीट वाच. माझं लांबलचक काही आलं की बोटानं वर सरकवत जातेस आणि शेवटी नुसता अंगठा पाठवतेस, कळतं मला. परवा फोनवर काय म्हणालीस? "काकू, पेट्रोलचा काटा खोटं दाखवतो, मधूनच लाल दिवे लागतात, गाडी विकूनच टाकते." अगं, ताप आला म्हणून घरातलं माणूस विकतेस का? आधी विचारायचं तरी. पुण्याला गेलीस म्हणजे एवढी मोठी झालीस होय?

माझं दुकान तुला आठवत असेल. सांगलीच्या विश्रामबागेत, गल्लीच्या तोंडाशी, बाहेर पंपाच्या मोटरी मांडलेल्या. शेतकऱ्याची मोटर जळाली की तो ती ट्रॅक्टरवर टाकून आणायचा. आतलं काळं झालेलं तांबं काढायचं, वेढे मोजायचे आणि तेवढेच नवे भरायचे, एवढंच काम. शाळा माझी सातवीपर्यंत. मालकांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, अंथरूण धरलं तेव्हा दुकानाला कुलूप लावायचं की पाना धरायचा, असा प्रश्न होता. मी पाना धरला. पहिल्या चार मोटरी मीच जाळल्या. पाचवी चालली.

गाड्यांतलं मला कळत नव्हतं, आजही फार कळतं असं नाही. पण वीज सगळीकडं एकाच रीतीनं वागते. जिथून निघाली तिथं तिला परत जावं लागतं. परतीची वाट अडली की ती दुसऱ्याच्या दारातनं घुसते. एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तेवढंच उपयोगी पडलं.

सांगते ती गाडी माझ्या भाचीची. माझा भाऊ साताऱ्याकडच्या औंधचा, फौजेत ड्रायव्हर होता, आता ऊस करतो. त्याची ही थोरली लेक. पाचगणीला एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते. तिनं पुण्याहून एक जुनी गाडी घेतली. लाल, दोन दारांची, दोनच माणसं बसणारी, जमिनीला टेकलेली. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. घरात कुणी म्हणालं, ऊस न्यायला उपयोग नाही. कुणी म्हणालं, नवरा-बायको बसतील, पोरं कुठं बसवणार? ती म्हणाली, "आधी नवरा तर येऊ दे." श्रावणात गाडी दारात आली, दिवाळीपर्यंत घोड्यासारखी पळाली.

दिवाळीनंतर मात्र तिला खोड लागली. काटा अर्ध्यावर असायचा, एकदम शून्यावर पडायचा, परत वर चढायचा. दाराची कुलपं आपोआप टकटक वाजायची. भाची हुशार, म्हणाली, काट्यावर विश्वास नको, किती किलोमीटर झाले ते बघून पेट्रोल भरू. तर तो किलोमीटरचा आकडाच वाटेत पुसून शून्य व्हायला लागला. आणि एके दिवशी पसरणीच्या घाटात, काटा अर्ध्यावर दाखवत असताना, गाडी बंद पडली. टाकी कोरडी. मागं पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. त्या रांगेत औंधचाच एक टेम्पोवाला निघाला. पोरगी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

भावानं तिच्याकडून शब्द घेतला. अजून एकदा बंद पडली तर गाडी विकायची. तिनं दिला, कारण तिला वाटलं, पडणार नाही. साताऱ्याच्या मेकॅनिकनं टाकीतला तरंगा नवा घातला. दुसऱ्यानं समोरचं मीटर उघडून पुसलं. तिसरा म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटरच गेला. आणि पुसेसावळीच्या अलीकडं ती पुन्हा बंद पडली.

मग काय! विट्याचं एक गिऱ्हाईक भावानं ठरवूनच टाकलं. भाचीनं एकच मागणं मागितलं, "आबा, आधी आत्याला दाखवते. आत्या म्हणाली गेली, तर गेली." तो म्हणाला, बरं. सांगलीहून परत जाताना विटा वाटेवरच. म्हणजे माझ्याकडं काम झालं तरी, न झालं तरी, त्याची वाट सरळ होती. त्याला गाडीचा राग नव्हता. लेक घाटात एकटी उभी राहिली, हे त्याला झोपू देत नव्हतं. पण ते तो बोलला नसता.

रविवारी सकाळी दोघं आले. बापाला गाडीतनं उतरताना दोन्ही हातांनी दार धरावं लागलं.

"आक्का," तो म्हणाला, "ही गाडी न्हवं, निस्ता शो हाय. म्या तीस वर्सं फौजेच्या गाड्या हाकल्या. बर्फात, वाळवंटात. एक कवा बंद पडली न्हाई."

"आबा, तुमच्या गाडीला काटा तरी होता का?" भाची म्हणाली.

"काठी व्हती. टाकीत घालायची, भिजली तेवढं पेट्रोल. काठी कवा खोटं बोलत न्हाई."

"मग मीही काठी घेऊन शाळेत जाते."

मी दोघांना चहा दिला आणि गप्प केलं. मग भाचीला विचारलं, "दिवाळीच्या आधी गाडीला काय केलं होतंस?"

"काही नाही, आत्या."

"आठव. काही बसवलं, काढलं, ठोकलं?"

"खरंच काही नाही."

भावाकडं पाहिलं. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "काय बी न्हाई. एकदम फिट व्हती."

दोघंही खरंच बोलत होते, म्हणजे त्यांना तसंच वाटत होतं. हे ध्यानात ठेव.

मी पहिली चूक तिथंच केली. पंपाला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, ही माझी जन्माची सवय. त्या सवयीनं मी सरळ बॅटरीची वायर काढली. परत जोडल्यावर गाडीतली गाणी बंद. पडद्यावर लिहून आलं, चार आकडे सांगा. ते आकडे पुण्याच्या आधीच्या मालकाला माहीत, आणि तो फोन उचलेना. भाचीचा चेहरा उतरला. भाऊ खूश झाला. "ब्येस झालं," म्हणाला, "विट्यापातूर शांततेत जाऊ."

मग टाकीकडं वळले. सीटच्या मागं एक झाकण असतं, त्याखाली टाकी. तरंगा म्हणजे आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, तसाच. पेट्रोल खाली गेलं की तोही खाली जातो, आणि त्याप्रमाणं काट्याकडं खबर जाते. बाहेर काढला, वीज मोजायचं माझं मीटर लावलं, हातानं वर-खाली केला. आकडा सरळ चढत होता, सरळ उतरत होता. साताऱ्याच्या माणसानं काम चोख केलं होतं. तरंगा खरं बोलत होता, वाटेत कुणीतरी ते फिरवत होतं. पेट्रोलच्या वासानं डोकं धरलं, हाती काही नाही. भावानं घड्याळ बघितलं. भाची बघत नव्हती, पण तिला कळलं.

सगळं परत बसवलं आणि गाडी चालू केली. दुकानात अंधार वाटत होता म्हणून भाचीनं गाडीचे दिवे लावले. आणि काटा चढला! पाव टाकीचा अर्ध्यावर गेला. दिवे बंद केले, खाली आला. परत लावले, परत चढला.

भाऊ खुर्चीतनं पुढं झाला. "आगं, दिवं लावलं की प्याट्रोल वाढतंय? मग पंपावर कशाला जायाचं, दिवंच लावू की!"

आम्ही तिघंही हसलो. पण मला तिथं धागा सापडला. दिव्यांचा आणि पेट्रोलचा काय संबंध? एकच, दोघांची परतीची वाट एक. घरोघरी असतं ना, मोटर सुरू झाली की बल्ब मंदावतो, तसं.

मी मीटरची एक तार बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी समोरच्या काट्यामागच्या काळ्या, म्हणजे परतीच्या, वायरीला. दोन्ही एकच असायला हवीत, मीटरवर शून्य यायला हवं. दिवे बंद असताना थोडंसं आलं. दिवे लावल्यावर दीड व्होल्ट. म्हणजे मधे कुठंतरी वाट अडली होती, आणि दिव्यांची वीज काट्याला ढकलत परत चालली होती. कॉम्प्युटर गेला नव्हता, त्याच्या पायाखालची फरशी हलत होती.

मग काळ्या वायरीमागं हात घालत गेले. ती डाव्या बाजूनं खाली उतरली आणि शेजारच्या सीटच्या गालिच्याखाली शिरली. पुन्हा बॅटरीची वायर काढली, या वेळी विचार करून. भाचीनं सीटचे चार बोल्ट सोडले. गालिचा उचलला तर ओल्या गोधडीचा वास. खालचा फोम हातानं पिळला आणि पाणी निघालं. उन्हाळा तोंडावर आलेला, आणि त्यात पाणी!

तिथंच पत्र्याला एक बोल्ट होता. पाच-सहा काळ्या वायरी त्याच एका बोल्टाला येऊन मिळत होत्या; गाडीत वीज पत्र्यातूनच बॅटरीकडं परत जाते. सगळा हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर, खाली गंज. आणि त्या थरात चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. अक्षतांचे दोन दाणे. हळदीचा पिवळा डाग.

भाचीनं एक पाकळी नखानं सोडवली आणि तळहातावर घेतली.

खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. आपल्याकडं त्या दिवशी नांगर, ट्रॅक्टर, कोयते, सगळं धुऊन पुजतात. माझ्या दुकानातले पानेसुद्धा मी पुजते. औंधला अंगणात बोअरचा पाईप सोडून भावानं आधी ट्रॅक्टर धुतला, मग ही लाल गाडी धुतली. फौजेतली जीप धुतात तशी. दारं उघडायची, पाईप आत सोडायचा, तळातलं बूच काढायचं, पाणी आपलं निघून जातं. या गाडीच्या तळात बूच नव्हतं, गालिचा होता. त्यानं वरनं कोरडी केली, हार घातला, फुलं वाहिली, नारळ फोडला. आणि मी विचारलं, गाडीला काय केलंत, तर दोघांनीही मनापासून सांगितलं, काही नाही. पूजा ही काही गाडीला केलेली गोष्ट नव्हे ना! बिघाड विचारला की माणूस वाईट तेवढं आठवतो.

भावानं त्या बोल्टावरनं बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "म्या आतनं बी धुतली व्हती. घाण राहू ने म्हणून."

मला वाटलं, आता भाची बोलणार. चार महिने ऐकून घेतलं होतं तिनं. बोलली असती तर मी अडवलंही नसतं. तिनं पाकळी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि विचारलं, "आत्या, हे पुसता येतं का?"

"पुसून भागत नाही, घासावं लागतं."

"आक्का, पॉलिश पेपर हाय का?" भावानं विचारलं.

मी दिला. गुडघे दुखतात त्याचे, तरी तो गाडीच्या दारात जमिनीवर बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर. एकेक वायर सोडवून तिचं टोक घासलं. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. मी म्हटलं, पुरे. तो म्हणाला, थांब. दोन वायरींची टोकं गंजून तुटली, तिथं मी नवी चिमटून बसवली. बोल्ट नवा घातला, वरनं ग्रीस लावलं. गालिचा गच्चीवर उन्हात टाकला. हे सगळं होईपर्यंत दुपार कलली. या वेळात बाप-लेक एकमेकांशी चार शब्द बोलली असतील, तेही "दहाचा पाना दे," "हा घे," एवढेच.

गाडी चालू केली. दिवे लावले, पंखा लावला, काच वर-खाली केली, हॉर्न दिला. काटा पाव टाकीवर, हलायला तयार नाही. भावाचं समाधान होईना. म्हणाला, "चालवून बघू. पंपावर मोजून भरू, मग बोलू." तो फौजी, काट्याची परीक्षा घेतल्याशिवाय सोडणार नव्हता. दोघं बसून मिरज रस्त्याला गेली. दोनच जागा, मी दारात उभी. सीट नुसती टेकवलेली होती, बोल्ट कसायचे राहिलेच होते, हे मला ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आठवलं. जीव टांगणीला. तासाभरानं आली, हळूहळू चालवत. भाची म्हणाली, "आबा सारखे डुलत होते, आत्या." जेवढं भरलं तेवढाच काटा चढला होता.

आत येऊन बसतोय तोवर भावाचा फोन वाजला. विट्याचं गिऱ्हाईक. तो माणूस पलीकडनं मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं: किती वाजता येताय, मी थांबलोय.

भाची पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिली. शब्द तिनं दिला होता, आणि त्यानंतर गाडी पुन्हा बंद पडली होती. दुरुस्त झाल्यावर काय, हे त्यात ठरलं नव्हतं. ती मागणार नव्हती, हे मी जाणते. न मागण्याचाच तिला हट्ट आहे.

भावानं तिच्याकडं बघितलं नाही. फोनमधे म्हणाला, "पावणं, माफ करा. गाडी माझी न्हाई, पोरीची हाय. म्या उगाच मधी पडलो. इकायची का न्हाई, तिला इचारा." आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं फक्त "नाही विकायची, काका" एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. मग गच्चीवरचा गालिचा आणून अंथरला आणि ती सीटचे बोल्ट कसायला बसली.

परत जाताना विटा लागलंच, पण ती दोघं थांबली नाहीत. गाणी अजून बंदच आहेत, पुण्याचा मालक अजून फोन उचलत नाही. समोरचा एक लाल दिवाही उगाच लागतो, तो कशाचा ते मला कळलेलं नाही. गाडी मात्र घाट चढते-उतरते.

तुझ्या गाडीचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. तुझा तरंगा गेला असेल, किंवा आणखी काही. बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. पण कुणी गिऱ्हाईक आलं तरी अजून होकार देऊ नकोस. पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये, टाकी भरूनच नीघ. सकाळी लवकर पोच, म्हणजे गालिचा उचलावा लागला तर ऊन मिळेल. आणि आल्यावर जेवून जायचं, नुसतं काम करून पळायचं नाही. ये गं लवकर.