मधलं एक किलोमीटर पाणी

ऑकलंडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बॉटनी डाउन्सच्या सुपरमार्केटात एक उंचापुरा माणूस अनवाणी हिंडताना दिसला आणि मी बायकोला कोपरानं ढोसलं. माणूस गरीब वगैरे नव्हता, त्याच्या ट्रॉलीतलं सामानच तसं सांगत होतं. त्याला चपला घालायच्या नव्हत्या, एवढंच. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. चौदा वर्षं सिंगापुरात काढून आलेल्या मला ते सहन होईना. यांना कुणी बोलत कसं नाही, असं मी पुढचं वर्षभर रोज कुणाबद्दल तरी म्हणत होतो.

आम्ही मूळचे पुण्याचे, म्हणजे दुसऱ्याला नियम सांगायची हौस जन्मजात. सिंगापुरात ती पुरेपूर भागली. तिथे च्युइंगम विकायला बंदी, उग्र वासाचं ड्युरियन नावाचं फळ ट्रेनमध्ये न्यायला बंदी, आणि स्वतःच्याच घरात पडदे न ओढता विवस्त्र फिरलात तर तोही गुन्हा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून डास होतायत का, हे बघायला सरकारी माणसं घरी येत. आमच्या ताटल्या कायम कोरड्या. काही गोष्टी तर कायद्यातही नव्हत्या, नुसती रीत होती. खाण्याच्या ठिकाणी टेबलावर टिश्यू पेपरचं पुडकं ठेवून गेलं की ते टेबल तुमचं, तुम्ही ताट घेऊन परत येईपर्यंत तिथे कुणी बसत नाही. पुण्यात टेबलही गेलं असतं आणि पुडकंही. मला हे सगळं मनापासून आवडायचं. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना नियम ऐकवत शहर दाखवायचो, आणि मागून आमची मुलगी धाकट्या भावाला माझी नक्कल करून दाखवायची.

मुलगी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे त्याला शाळेतून आणणं, जेवायला घालणं, अभ्यासाला बसवणं हे सगळं तिनंच केलं. ताप आला की तो आईला नाही, ताईला हाक मारायचा. बायकोला त्याचं वाईट वाटायचं. मला ते सोयीचं वाटायचं, हे आता कबूल करतो.

तिथला आणखी एक नियम होता. आईवडिलांबरोबर कायमचा रहिवासी झालेल्या मुलानं अठराच्या सुमाराला दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करायची. मुलींना ती नाही. आम्ही सिंगापूर सोडलं तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता, मुलीचं कॉलेज संपत आलं होतं आणि ती तिथेच राहणार होती. नियमाप्रमाणे मुलाचा रहिवासाचा हक्क रीतसर सोडायचा, नाहीतर बाहेर राहण्याची परवानगी काढायची. माझा आणि बायकोचा हक्क मी अर्ज भरून सोडला. त्याचा ठेवला. का ठेवला म्हणाल, तर श्रीखंडाचे रिकामे डबे आपण ठेवतो, पुण्यातलं गॅसचं कनेक्शन वीस वर्षं ठेवतो, तसाच ठेवला. न्यूझीलंडमध्ये नाही जमलं तर पोराला एक दार उघडं असू दे, असा माझा शहाणपणा.

तीनेक वर्षांनी त्याच्या नावाचं सरकारी पत्र मुलीच्या पत्त्यावर गेलं. सेवेसाठी नाव नोंदवा, असं होतं. तिनं फोटो काढून पाठवला आणि काय करू म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे, आपण आता तिथले नाही. दुसरं पत्र आलं तेव्हाही तेच म्हटलं. रहिवासाचा हक्क वापरला नाही की काही वर्षांनी संपतो, हे मला ठाऊक होतं आणि तसा तो संपलाही. सेवेची जबाबदारी मात्र संपत नाही. लोकांच्या कुंड्यांखाली वाकून बघणाऱ्या मला ते पत्र नीट वाचायला सवड झाली नाही.

मुलगा बावीस वर्षांचा झाला, माउंट वेलिंग्टनला एका कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला कामासाठी सिंगापूरला पाठवायचं ठरवलं, तेव्हा हे उघडकीला आलं. तिथल्या वकिलानं स्वच्छ सांगितलं की विमानतळावरच धरतील. मग खटला, शिक्षा, कदाचित तुरुंग, आणि त्यानंतर ती दोन वर्षं आहेतच. मी मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, नुसतं "स्वीट अ‍ॅज" म्हणाला आणि उठून गेला. इकडे हे शब्द लोक 'ठीक आहे' या अर्थानं दिवसातून वीस वेळा म्हणतात, पण त्या दिवशी काही ठीक नव्हतं.

तरी आम्ही निभावून नेलं. मुलगीच दर वर्षी ऑकलंडला यायची. तिचं लग्नही इथेच, एका कम्युनिटी हॉलमध्ये केलं. लोकांना सांगितलं की वराकडच्यांना न्यूझीलंड बघायचं होतं.

मग गेल्या वर्षी ती आजारी पडली. कॅन्सर, आणि पसरलेला. विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. बायको तिच्याजवळ जाऊन राहिली. मी आणि मुलगा इथे, एका घरात, एकमेकांशी कामापुरतं बोलत. एका सकाळी त्यानं सांगितलं की तो जाणार आहे, धरलं तर धरू देत. मी पुन्हा वकिलाला विचारलं. धरल्यावर बहिणीला कधी भेटू देतील, देतील की नाही, याची खात्री तो देईना. इकडे डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आले होते. शेवटी मुलीनंच भावाला फोनवर सांगितलं, "तुला बेड्या घातलेलं मला बघायचं नाही. तू आलास तर मी दार उघडणार नाही."

जोहोरची कल्पना त्याची. सिंगापूर आणि मलेशिया यांच्यामध्ये समुद्राचा एक चिंचोळा पट्टा आहे, फार तर किलोमीटरभर. अलीकडे सिंगापूर, पलीकडे जोहोर. मलेशियात त्याला कुणी अडवणार नव्हतं. तो तिथे खोली घेऊन राहील आणि बरं वाटेल त्या दिवशी ती गाडीनं पूल ओलांडून येईल, असं ठरलं. तो क्वालालंपूरमार्गे जोहोरला गेला, मी सिंगापूरला. पहिल्या ठरल्या दिवशी तिला ताप आला. दुसऱ्या वेळी रक्तातल्या पेशी इतक्या कमी झाल्या की पुलावरच्या गर्दीत जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तिसरा दिवस आम्ही ठरवलाच नाही. तिनं मला सांगितलं, "बाबा, मला नुसतं पाण्यापाशी न्या."

सिंगापूरच्या बाजूला पाण्यात शिरलेला एक लांब धक्का आहे. सकाळी दहाला मी, बायको आणि जावई तिला व्हीलचेअरवरून तिथे घेऊन गेलो. तासाभरात परत आणायच्या बोलीवर डॉक्टरांनी सोडलं होतं. पलीकडे उंच इमारती, त्यांच्यावर धुरकट ऊन. तिनं फोन स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "ताई, मी पाण्यापाशी उभा आहे. नारिंगी जाकीट. हात हलवतोय बघ."

तिनं कपाळावर आडवा हात धरला, बराच वेळ बघितलं आणि दुसरा हात वर केला. "दिसलास," ती म्हणाली. "किती बारीक झालायस रे." तो हसला. मग दोघं शाळेतल्या कसल्याशा गोष्टी बोलत राहिली, आणि ती हात हलवत राहिली. हात दुखायला लागला तेव्हा मी तिचं कोपर धरून ठेवलं.

परतीच्या टॅक्सीत तिनं डोळे मिटूनच विचारलं की मला तो दिसला का. मी हो म्हणालो.

"मला काहीच दिसलं नाही," ती म्हणाली. "त्याला सांगू नका."

सोळा दिवसांनी ती गेली. तिचे अंत्यसंस्कार त्यानं जोहोरच्या खोलीत बसून फोनवर पाहिले. मग तो त्याच्या विमानानं ऑकलंडला आला आणि आम्ही दोघं आमच्या.

याला आता आठ महिने झाले. मुलगा माझ्याशी वाईट वागत नाही. वागला असता तर मला बरं वाटलं असतं. गेल्या रविवारी तो मला सामान आणायला ओटाहुहूला घेऊन गेला. पिशव्या ठेवून झाल्या, मी पट्टा लावला, तरी तो गाडी सुरू करेना. काचेतून समोर बघत म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी तिथे नव्हतोच."

त्याची टॅक्सी वाहतुकीत अडकली होती. समुद्र कुठल्या बाजूला आहे हेही तिथून कळत नव्हतं. तिला तासभरच मिळालाय, ती दमलीये, असा आईचा मेसेज आला आणि त्यानं टॅक्सीतूनच फोन लावला. नारिंगी जाकीट खोलीवर बॅगेत होतं. तिला दुसराच कुणीतरी दिसला असणार, तो म्हणाला. मग त्यानं तोंड पुसलं. "पण तिला मी दिसलो असं वाटलं ना, बाबा? तेवढं तरी झालं."

मी हो म्हणालो.

त्याला ते अजून तसंच वाटतं. तो आमच्याशी मराठी बोलतो, पण त्याला मराठी वाचता येत नाही. म्हणून हे इथे लिहून ठेवलं.