केतकीसाठी लॅपटॉपची बॅग

वर्ध्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हाही ह्यांचं सांगणं संपलं नव्हतं. खिडकीच्या गजाला हात लावून ते चालत चालत म्हणाले, "किंमत पाहू नको. मजबूत घे. पोरगी स्कूटरवर जाते, रस्त्यात खड्डे असतात." मग फलाट संपला आणि ते मागे राहिले. पुण्याला मी याआधी लग्नकार्यांना जाऊन आले होते. फक्त खरेदीसाठी एवढा प्रवास करण्याची ही पहिलीच वेळ, आणि खरेदी तरी कसली, तर लॅपटॉपच्या बॅगेची.

आमची एकुलती एक मुलगी केतकी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मी वर्ध्यात मुलींच्या एका संस्थेत शिवणकाम शिकवते. दिवाळीनंतर एकदा व्हिडिओ कॉलवर बोलताना तिच्या मागे भिंतीला टांगलेली बॅग मला दिसली. तिचा एक पट्टा खांद्यापासून उसवला होता आणि तिथे चक्क गाठ मारलेली होती. उसवलेलं काही दिसलं की माझं बोलण्यातलं लक्ष उडतं.

"ते काय गं केतकी?"

"काही नाही. तुटला पट्टा. चालतंय."

"त्यात लॅपटॉप नेतेस? पडला म्हणजे?"

"आई, मागवते मी ऑनलाइन. तू कशाला टेन्शन घेतेस?"

ऑनलाइन बॅग उलटी करून बघता येत नाही, असं मी तिला सांगितलं आणि रजा टाकली. ती दोन-तीनदा म्हणाली, "येऊ नकोस गं, मला ऑफिसातून वेळ मिळायचा नाही." एवढा प्रवास आईला नको, म्हणून म्हणत असेल, असं मला वाटलं.

सकाळी पुणे स्टेशनावर उतरले. हवेत चांगलाच गारवा होता. केतकी पुलाच्या पायथ्याशी उभी होती, अंगात जुना स्वेटर, खांद्याला छोटीशी पर्स. मला बघून तिने मिठी मारली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

"ऑफिस?"

"सुट्टी घेतली," ती म्हणाली.

स्टेशनाबाहेरच्या एका रिक्षावाल्याला मी विचारलं, "बुधवार पेठेत येता का?" त्याने पेपरमधून मान वर काढली. "बाई, रिक्षा उभी आहे, मी आत बसलोय. अजून काय करू?" वर्ध्याला असं कुणी बोललं असतं तर मी पुढची रिक्षा पाहिली असती. इथे केतकी हसली, म्हणून मीही हसले आणि आम्ही बसलो.

बुधवार पेठेतली ती गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन माणसांनी आधी कुणी जायचं ते ठरवावं लागतं. दोन्ही बाजूंना वायरी, माइक, मोबाइलची कव्हरं आणि त्यांच्या वर माळेसारख्या टांगलेल्या बॅगा. मी एकेक बॅग खाली काढायला लावत होते. चेन ओढून बघायची, अस्तर बाहेर काढून शिलाई तपासायची. पट्टा जिथे बॅगेला जोडतात तिथे चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिलाई हवी. बहुतेक ठिकाणी नुसती एक सरळ टीप मारून मोकळे झालेले. मी केतकीला हे सगळं दाखवत होते आणि ती "हं" म्हणत होती.

गल्लीच्या टोकाला एक जरा मोठं दुकान होतं. मालक वयस्कर, पांढरा शर्ट, नाकावर चष्मा. मी काढायला लावलेली बॅग त्यांनी काउंटरवर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

"लॅपटॉप केवढा आहे?"

मी केतकीकडे पाहिलं. "पंधरा इंची," ती म्हणाली.

"जाड की पातळ?"

"मध्यम."

"मध्यम म्हणजे? आणलाय का?"

"नाही."

"अहो, मग आपण घरी जा, लॅपटॉप घेऊन या आणि मग बॅग बघा. सैल बसला तर आत आपटणार, घट्ट बसला तर चेन लागणार नाही, आणि दोन्ही वेळा मला येऊन सांगणार. पाय घरी ठेवून कुणी चप्पल घ्यायला जातं का?"

मला त्यांचा राग आला नाही. मीही मुलींना हेच शिकवते, माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. "का नाही आणलास गं?" मी बाहेर आल्यावर विचारलं. केतकी म्हणाली, "जड असतो. आणि बॅग तुटलीय ना." हे उत्तर मला पटलं.

तिथून कोथरूडला निघालो. तिकडे एक चांगलं दुकान आहे असं माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं. बसमध्ये खिडकी मिळाली. नदीवरचा पूल गेला, कर्वे रस्ता आला, मी दुकानांच्या पाट्या वाचत बसले होते. बऱ्याच वेळाने कंडक्टर आमच्याजवळ येऊन म्हणाला, "कोथरूड म्हणालात ना? ही वारज्याला जाते. वारज्यात काही काम असेल तर बसून राहा." पुण्यात इतकी वर्षं राहून केतकी चुकीच्या बसमध्ये चढली होती. मी तिची यथेच्छ थट्टा केली. कर्वेनगरात उतरून आम्ही उन्हातून उलटं चालत आलो.

वाटेत एका खानावळीत जेवलो. स्वच्छ जागा, स्टीलचे तांबे, भिंतीवर 'ताटात टाकू नये, हवे तेवढेच मागावे' अशी पाटी. मटकीची उसळ, आळूचं फदफदं, गरम पोळ्या. आळूला चिंच-गुळाची चव आणि वर शेंगदाणे. आमच्याकडे एवढं गोड करत नाहीत, पण मला आवडलं. मी वाढणाऱ्या बाईंना पाककृती विचारली. घरून आणलेली सांभारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, पुण्यात हिला पुडाची वडी म्हणतात) बाहेर काढली, तर त्या म्हणाल्या, "बाहेरचे पदार्थ चालत नाहीत हो इथे." मग जरा थांबून, "एक द्या बघू मला." आम्ही तिघीही हसलो.

कोथरूडचं दुकान एका सोसायटीच्या तळमजल्यावर होतं, क्लासच्या मुलांच्या सायकली ओलांडून जावं लागलं. आत मात्र मन हरखलं. पाठीवरच्या बॅगा, एका खांद्याच्या बॅगा, नुसती मऊ पाकिटं, वरून घालायची कडक कवचं. दुकानातल्या बाई उत्साहाने सांगत होत्या. पाकीट दुसऱ्या बॅगेच्या आत ठेवायला बरं, एकटं नेलं तर कोपऱ्याचा मार लागतोच. कडक कवचाने ओरखडे थांबतात, पण गरम झालेला लॅपटॉप आत कोंडतो. एक करडी बॅग त्यांनी काढली आणि मी तिच्यापुढून हलले नाही. आत नारिंगी अस्तर, पाठीला गादी, पट्ट्यांना फुलीची शिलाई, छातीवर लावायचा बंद, खालच्या खणात पावसाळी टोपरं. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळाच्या चार बोटं वरच संपत होता. म्हणजे बॅग धपकन खाली ठेवली तरी लॅपटॉप जमिनीला लागायचा नाही.

"आई, नको," केतकी हळूच म्हणाली. "जुनीच शिवून दे ना मला. तुझ्या हातची पक्की बसेल."

"वेडी आहेस का? बाबांनी बजावून पाठवलंय."

"खरंच नको गं."

"लाव बरं पाठीला."

तिने आरशासमोर उभं राहून बॅग पाठीला लावली. दुकानातल्या बाईंनी वजनासाठी आत दोन जाड पुस्तकं घातली. मी पट्टे तिच्या खांद्याला बेताचे करून दिले, बंद लावला, मागे सरून पाहिलं. केतकीचे डोळे भरून आले होते. मी बाईंना म्हटलं, "लहानपणी दप्तर घेतलं तरी हिचं असंच व्हायचं." बाई कौतुकाने हसल्या. बॅग आम्ही घेतली.

चांदणी चौकातून हिंजवडीकडे जाताना ऊन उतरत होतं. महामार्गावर वाहनांच्या रांगा लागल्या होत्या. हिंजवडी एकेकाळी गाव होतं हे सांगूनही खरं वाटू नये, पण काचेच्या दोन इमारतींच्या मधे म्हशींचा एक गोठा अजून होता आणि शेणाचा वास बसमध्ये आला. समोरून कंपन्यांच्या बसेस एकामागून एक येत होत्या, आत गळ्यात पट्टे घातलेली, डोळे मिटलेली तरुण पोरं. "तुझी कंपनी कुठली यातली?" मी विचारलं. केतकीने एका बाजूला बोट दाखवलं आणि लगेच खाली घेतलं.

"घरी गेलो की आधी लॅपटॉप घालून बघू," मी म्हटलं. "बदलायची असेल तर उद्या बदलून घेता येईल."

"लॅपटॉप ऑफिसात आहे, आई."

खोलीचं दार तिच्या मैत्रिणीने उघडलं. पूजा तिचं नाव, वाशिमची, दोघी एकत्र राहतात. मी जिन्यात दम खायला थांबले होते, त्यामुळे मी तिला दिसले नाही. तिने केतकीच्या पाठीवरची बॅग पाहिली आणि ओरडलीच, "अगं, नवी बॅग! म्हणजे लागला का दुसरा जॉब?"

मग मी वर पोचले. पूजाचा चेहरा उतरला. "काकू, चहा ठेवते," म्हणत ती आत निघून गेली.

केतकी पलंगाच्या कडेवर बसली, बॅग पाठीवर तशीच. मी तिच्या शेजारी बसले.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "एकेकाला खोलीत बोलावत होते. माझ्या टीममधले निम्मे गेले. कार्ड घेतलं, लॅपटॉप घेतला, चार्जर घेतला. मी बॅगसकट देत होते, तर ती मुलगी म्हणाली, बॅग तुमची आहे, ती ठेवा."

तिने पाठीवरच्या बॅगेचे पट्टे दोन्ही हातांनी धरले.

"रिकामी बॅग लावून बाहेर आले. इतकी हलकी लागत होती ना आई, की मला सारखं वाटत होतं काहीतरी विसरलं. पार्किंगपर्यंत जाताना दोनदा हात मागे नेऊन पाहिला. मग चिडून ओढली, तर पट्टा निघून हातात आला."

"आणि आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगणारच होते. दुसरी नोकरी लागली की दोन्ही एकदम सांगणार होते. रोज अभ्यासिकेत जाते, अर्ज करते. माझा स्वतःचा लॅपटॉप नाही ना, मोबाइलवर करते, नाहीतर पूजाचा रिकामा असला की त्यावर. मग तू निघालीस. स्टेशनावर सांगणार होते. तू उतरल्या उतरल्याच म्हणालीस, बाबांनी किती हौसेने पाठवलंय म्हणून."

मी तिच्या छातीवरचा बंद सोडला, पट्टे खांद्यावरून उतरवले आणि बॅग बाजूला ठेवली. ती माझ्या मांडीत डोकं ठेवून रडली. दिवसभर त्या गल्लीत, त्या उन्हात, त्या दुकानात आरशासमोर मी तिला उभं केलं होतं. ती मला थांबवू बघत होती आणि मी शिलाया दाखवत होते.

"चल घरी," मी म्हटलं. "थोडे दिवस राहा. तिथून अर्ज कर."

"इथे कधीही मुलाखतीला बोलावतात. आणि आले ना आई, तर परत निघायची हिंमत व्हायची नाही माझी."

सकाळी मी म्हटलं, बॅग परत करून येते, तर तिने नको म्हटलं. "राहू दे. स्वतःचा घेईन तेव्हा लागेल." मग मी पिशवीतून सुई-दोरा काढला. पूजा कामाला गेली होती. खिडकीत बसून मी जुन्या बॅगेची गाठ सोडली, दाभण नव्हतं म्हणून जाड सुईने, वाटीचा आधार घेऊन, पट्टा शिवला. बोटाला दोनदा सुई लागली. केतकी जवळ बसून दोरा ओवून देत होती. ती बॅग लावून ती अभ्यासिकेत गेली, जाताना म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. मी सांगेन."

संध्याकाळच्या गाडीने मी एकटी परत निघाले. रुळांपलीकडच्या शेतांत ऊस उभा होता, पुढे मग अंधारच. माझ्या हातात जाताना नेलेलीच पिशवी होती.

वर्ध्याला हे स्टेशनावर न्यायला आले होते. स्कूटर सुरू करायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मग? बसला का लॅपटॉप नीट?"

"बसला," मी म्हटलं. "अगदी नीट."

घरापर्यंत ते एकेक विचारत होते आणि मी सांगत होते. कप्पे किती, गादी कशी, पावसाचं काय. बॅगेबद्दल मी जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. त्यांच्या पाठीमागे बसून बोलताना, त्यांचा आनंद मोडायचा धीर मला होत नव्हता, आणि कोथरूडच्या दुकानात केतकीचं काय झालं असेल ते मला तेव्हा नीट कळलं.

पुढच्या रविवारी तिने स्वतःच फोन करून त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, तिला धीर देऊनच बोलले. अजून तिच्या मुलाखती चालू आहेत. माझ्या पगारातून आम्ही तिला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला, तो करड्या बॅगेत जरा सैलच बसतो म्हणे.

त्या रविवारी फोन ठेवल्यावर हे बराच वेळ अंगणात बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "म्हणजे दिवसभर ती तुझ्यासोबत हिंडली, मनात हे घेऊन."

"हो."

"दुपारी जेवली होती का नीट?"

मी आठवून पाहिलं. आळूची चव आठवली, त्या वाढणाऱ्या बाई आठवल्या, भिंतीवरची पाटी अक्षरासकट आठवली. समोर बसलेल्या केतकीच्या ताटात काय होतं, ते मात्र काही केल्या मला आठवेना.