आठ घागरींचा रांजण

माझ्या हातून आयुष्यात एकच रांजण घडला, आणि पाणी घातल्यावर तो अर्धा तास टिकला.

आता तुम्ही म्हणाल, कुंभाराचा पोरगा आणि एकच रांजण? तर त्याचं असं आहे की आमच्या घरी चाकावर बसण्याची अक्कल बाकी सगळ्यांना वाटून झाली, आणि उरलेली शाळा माझ्या वाट्याला आली. मी सातवी पास झालो नि वरोऱ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून चिकटलो. ही गोष्ट आमच्या चंद्रपूरला चांदा म्हणत तेव्हाची. आमचा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता, आणि मी स्वतः बहुतेक वेळ हवेत असे. (वरोऱ्याला मी कोट घालायचो. उन्हाळ्यात!)

माझे वडील, म्हणजे बा, रांजणासाठी नावाजलेले. वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या बाजाराला त्यांची बैलगाडी गेली, की रांजण गाडीतून उतरायच्या आत विकले जात. त्याच बाजारात सोमाजी नावाचे नदीपलीकडचे कुंभार बसायचे. तेही मोठे कारागीर. त्यांचा मुलगा माझ्या बहिणीसाठी, गिरजासाठी, बघायचं ठरलं. बा म्हणाले, "एक चिठ्ठी लिहून दे. म्हणा, पोरगी पाहाले या."

मी कारकून माणूस. एका ओळीची चिठ्ठी लिहायची म्हणजे माझा अपमान! मी दोन पानं लिहिली. आणि शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून, एक वाक्य आपलं ठोकून दिलं: 'मी नोकरीत असलो तरी वडिलोपार्जित विद्या विसरलो नसून, आठ घागरी पाणी मावेल असा रांजण स्वहस्ते घडवितो व त्यावर वेलबुट्टी करितो.'

पंधरवड्यानं येतो असं उत्तर आलं. खाली सोमाजींनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: 'कारकून बाबूंच्या रांजणातलंच पाणी पिऊ. मगच पुढची गोष्ट.'

मी ते बांना वाचून दाखवलं. बांनी फिरतं चाक हातानं थांबवलं.

"कोन्ता रांजण बे?"

मी कबूल केलं.

"बा, तुमचाच एखादा दाखवू ना!"

"माझा रांजण थो सोमाजी वीस वर्सापासून पाहून राह्यला. अंधारात हात फिरवून ओळखते. तुवा लिवलं, तुवाच घडव."

गिरजा आत चूल फुंकत होती. ती फुंकणी हातात घेऊनच बाहेर आली. तिनं त्या मुलाला बाजारात पाहिलं होतं. रांजणांच्या मधे भाताचं तणस भरताना तो असा हलक्या हातानं भरत होता की जणू लेकरं झोपवतोय, असं तिनं मायला सांगितलं होतं. (हे मला माहीत नव्हतं, नाहीतर मी एकच पान लिहिलं असतं.)

"भाऊ," ती म्हणाली, "ही सोयरीक मोडली, तं त्या रांजणात तुलेच बुडवीन!"

मी रजा टाकली, कोट खुंटीला अडकवला आणि चाकासमोर बसलो. खरं सांगतो, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं! पंधरा दिवस! पंधरा दिवसांत तर मी दहा रांजण उभे करीन!

पहिल्या दिवशी माती मळायची होती. तलावातली काळी चिकणमाती, त्यात राख, त्यात घोड्याची लीद, आणि हे सगळं पायानं तुडवायचं. मी शंभर पावलं तुडवली आणि पोटरीत असा गोळा आला की मला दोघांनी उचलून खाटेवर टाकलं. पुढची माती मायनं मळली. मळता मळता ती शेजारणीला सांगत होती, "वरोऱ्यात खुर्चीवर बसू बसू पोट्ट्याचे पाय गेले व माय!"

दुसऱ्या दिवशी चाक! दांडा खोचून ते गरगर फिरवलं, मातीचा गोळा मधोमध आपटला, म्हणजे मला तो मधोमध वाटला. गोळा चाकावरून निघाला तो थेट समोरच्या कोंबड्यावर! कोंबड्यानं त्या दिवसापासून आमच्या अंगणात बांग दिली नाही.

"हळू बे!" बा ओरडले. "माती हाय, दुस्मन नाई!"

तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशीही तेच. मातीनं उभं राहावं म्हणून मी स्वतःच चाकावर अर्धा उभा राहायचो. आणि सहाव्या दिवशी, काय सांगू, माती वर आली! माझ्या दोन हातांच्या मधून, ओली, गार, सरळ, सापानं फणा काढावा तशी वर वर आली! मी ओरडलो, "माय! गिरजे! उचलली! उचलली!" सगळे धावत आले. तेवढ्यात फणा एका बाजूला कलला आणि थकलेल्या म्हशीसारखा चाकावर बसला. तरी मी नाचलो. एक क्षण का होईना, आली होती ना!

रांजण चाकावर पूर्ण होत नाही, हे मला तेव्हा कळलं. (बांच्या घरात वीस वर्षं काढून!) चाकावर नुसतं जाड बुटकं मडकं उतरतं. मग ते थोडं सुकवून, आत भाजक्या मातीचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटायचं, आणि थापटता थापटता ते फुगवत न्यायचं. बांच्या हाताखाली ते पोळीसारखं फुगायचं. माझा पहिला असा फुगला की आतला हात बाहेर आला. दुसऱ्यात बाहेरचा हात आत गेला. तिसरा मात्र, बाराव्या दिवशी, फुटला नाही! बा शेजारी बसून नुसतं "हं... हं... आता तिकून" म्हणत होते, आणि तो वाढत होता, वाढतच होता, माझ्या कमरेला लागला! मी त्याच्याभोवती दिवसभर फिरलो. जेवलोसुद्धा उभ्यानं, त्याच्याकडे बघत.

गिरजानं त्यावर गेरूनं नि पांढऱ्या मातीनं रंगकाम केलं. खाली नक्षीच्या तीन रेघा, पोटावर वेल, वेलीवर मोर. मीही एक मोर काढला. तो पाहून तिनं हळूच त्याचं भोपळ्याचं पान केलं.

आता फक्त आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजायचा राहिला. आणि पंधरावा दिवस उद्यावर आलेला!

"असा ओला आव्यात टाकला तं फुटन," बा म्हणाले. "अजून आठ दिवस वाळू दे. पाव्हण्याले सांगू, झाला नाई. लाज कायची? आन आयक, भाजल्याबिगर त्याले पाण्याचा थेंब दाखवू नोको."

हे मला समजत नव्हतं असं नाही. म्हणूनच तर मी एवढा डोकेबाज तोडगा काढला!

सकाळी बा बैलगाडी घेऊन पाहुण्यांना आणायला नदीच्या घाटावर गेले. मी वरोऱ्याहून गिरजासाठी एक पितळेची घागर आणून लपवून ठेवली होती. ती काढली. रांजण घरापुढच्या छपरीत तीन दगडांवर मांडला. आत तणसाची चुंबळ ठेवली, चुंबळीवर घागर उतरवली, ती काठोकाठ पाण्यानं भरली, आणि वर लाकडी झाकण! कच्चा करडा रंग दिसू नये म्हणून उरलेली जागा गेरूनं सारवून लालभडक करून टाकली. वरून लोटा बुडवला की पाणी येणार. कुणाच्या बापाला कळणार?

"भाऊ, हे खोटं हाय," गिरजा म्हणाली.

"खोटं नाही, तात्पुरतं आहे," मी म्हणालो.

पाहुणे आले. सोमाजी, त्यांची बायको भागाबाई आणि तो मुलगा. सोमाजी छपरीत शिरले, रांजणासमोर उभे राहिले. वर पाहिलं, खाली पाहिलं. बांकडे पाहिलं. बांनी आढ्याकडे पाहिलं.

"वा! कारकून बाबू, मोठा हात हाय तुमचा!"

मी लाजलो. पितळेची घागर आतून लाजली असेल.

"आता," सोमाजी म्हणाले, "पाणी मिळवू."

आमच्या जातीतली ही रीत मी वरोऱ्याला राहून साफ विसरलो होतो! सोयरीक बघायला येणारे आपल्या विहिरीचं पाणी घेऊन येतात आणि मुलीकडच्या रांजणात ओततात. इकडचं पाणी, तिकडचं पाणी एक झालं, की मग प्यायचं. भागाबाईंनी पिशवीतून झाकणाची कळशी काढली.

घागर तर मी काठोकाठ भरलेली! मी आडवा झालो. "राहू द्या बाई, कशाला त्रास!"

"तरास कायचा जी?" म्हणत त्यांनी लोटाभर पाणी ओतलं. आत घागरीवरून पाणी ओघळल्याचा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला, असं मला वाटलं.

"पाच जणांनी घालावं," सोमाजी म्हणाले. "आपल्या हातानं घाला बाबू, तुमीच घडवला."

मी माझ्या हातानं दुसरा लोटा घातला! तिसरा त्या मुलानं. गिरजा पुढे आली. "मामी, थो रांजण..."

"गिरजे, पापड जळून राहिलेत!" मी ओरडलो.

"पापड केलेच नाई!"

"मग कर!"

चौथा मायनं घातला. पाचवा सोमाजींनी, अगदी सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत. मग एक लोटा बुडवून प्यायले. जिभेवर घोळवलं.

"गोड हाय. पण गार काऊन नाई?"

"नवा आहे ना जी," मी म्हणालो. "अजून बुजतो."

पंगत छपरीतच मांडली. मी म्हटलं अंगणात बसू, सावली आहे. सोमाजी म्हणाले, "नाई बा, आमी रांजणापाशीच बसतो. गारवा राह्यते." आणि पांढरंशुभ्र धोतर आवरून रांजणाला पाठ लावून बसले! शेजारी बा. समोर मी, म्हणजे मला सगळं दिसावं अशी देवानं खास सोय केलेली.

पहिल्या भाताला रांजणाच्या बुडाशी काळपट डाग आला.

"पाझरून राह्यला का?" सोमाजींनी मागं न बघता विचारलं. "पाझरू द्या. चांगला रांजण पाझरतेच."

वरणाला डाग हातभर झाला. दुसऱ्या भाताला गिरजाची वेल हळूहळू खाली उतरायला लागली. मोराची मान लांबली. मोर पाणी प्यायला वाकला. बांचा घास हातातच थांबला होता.

"आणखी वाढू का?" मी सोमाजींना विचारलं.

आणि मग, काही फार मोठा आवाज झाला नाही हो! नुसतं 'भस्स' झालं. म्हातारा माणूस खाटेवर बसावा तसा माझा रांजण गुडघ्यात मोडून खाली बसला. काळ्या, लाल, पांढऱ्या पाण्याचा लोंढा पंगतीत शिरला. पत्रावळी तरंगल्या. सोमाजींचं धोतर कमरेपर्यंत गेरूनं रंगलं. आणि त्या सगळ्या चिखलाच्या मधोमध, अंड्यातून पिल्लू निघावं तशी, ऐटीत उभी राहिलेली पितळेची घागर!

सोमाजी उठले, घागरीवरचा चिखल बोटानं पुसला.

"ह्याच्यावर काई लिवलं हाय. मले वाचता येत नाई. वाचा बाबू."

मला ते पाठ होतं. मीच कोरून घेतलं होतं. घसा खाकरून मी वाचलं, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गिरजा हिस... लग्नाप्रीत्यर्थ... भावाकडून सप्रेम भेट."

"लगन? कोन्तं लगन? आमी तं अजून हो बी म्हटलं नाई!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (ती खरंच सरकत होती, चिखल होता.) तेवढ्यात सोमाजी असे हसले की छपरीवरच्या चिमण्या उडाल्या.

"अरे, मले दारातूनच दिसलं का कच्चा हाय! गेरू फासला म्हून का माती पिकते? म्हटलं पाहू, बाबू कितव्या लोट्याले खरं बोलते. पाच झाले तरी बोलला नाई! पोट्टी सांगून राह्यली होती, तं तिले पापडाले धाडलं!"

"मग तुमी तिथं बसले कायले?" भागाबाई कडाडल्या. "दिसलं होतं तं? धोतर पाहा!"

सोमाजींनी मान खाली घातली. "वाटलं, जेवण होयेपर्यंत टिकन. बाबूच्या थापटण्यावर भरोसा ठेवला."

त्यांनी चिखलातून काठाचा एक तुकडा उचलला. त्यावर वेलीचं टोक शाबूत राहिलं होतं. "हे कोनाचं?"

"माझं," गिरजा म्हणाली.

त्यांनी तो मुलाच्या हातात दिला. मुलानं तो असा धरला, जसा तणसात रांजण ठेवायचा. गिरजा चुलीकडे पळाली, आणि या खेपेला तिनं खरोखर पापड भाजले.

सोयरीक ठरली. अट एकच, लग्नाच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या नाहीत.

बांनी तो सगळा चिखल गोळा केला, पुन्हा मळून घेतला आणि त्याचाच लग्नासाठी रांजण घडवला. तो आजही गिरजाच्या घरी पाणी गार करतो. मी गेलो की त्याच्यावर हात फिरवून भाच्यांना सांगतो, "हा मुळात माझा रांजण बरं का!"

"व्हय व्हय," गिरजा आतून ओरडते. "माती मायनं मळली, घडवला बानं, वेल माझी."

"मग माझं काहीच नाही?"

"हाय ना," ती म्हणते. "चिठ्ठी!"