मालकाचं नाव मारकी

वाचकहो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता जाहीर करतो, की माझ्या नोकरीतल्या सर्वांत धोकादायक साक्षीदाराला चार पाय आणि दोन शिंगं होती. ती घटना आठवली, की आजही मी एकटाच हसतो.

खबऱ्याचा फोन आला, की गडहिंग्लजच्या बाजारात एक जण दुभती म्हैस पडेल भावात विकतोय. माणूस आणि म्हैस, दोघांना ठाण्यात आणलं. माणूस लंगडत होता.

"गुडघा धरलाय सायेब. म्हस पावण्यांकडनं घेतलीया." पावती मात्र नव्हती.

म्हैस चोरीला गेल्याची तक्रार दिलेली बाई धावत आली. "माझीच हाय ती! घरात रेडकू वरडतंय सायेब!"

कागद तिच्याकडेही नव्हता. मालकी ठरली नाही, तर कोर्टाचा आदेश येईपर्यंत म्हैस पांजरपोळात आणि रेडकू उपाशी.

म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला होता. दूध संस्थेकडून नोंदींची फाईल मागवली. साधा मजकूर, मध्ये नुसते स्वल्पविराम. आमच्या हवालदार बाईंनी ती वाचायला संगणकावर छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, लिहिली: ओळ स्वल्पविरामावर तोडायची आणि एकेक तुकडा त्याच्या शीर्षकाला जोडायचा. पडद्यावर उमटलं:

वर्णन: काळी
मालक: मारकी
गाव: उजवीकडून गेल्यास लाथ घालते

"बाई, या गावाला एसटी जाते का हो?" मी विचारलं.

संशयित खुलला. "बघा! हिचं नाव हाय का कुठं?"

मी तक्रारदार बाईंना विचारलं, "नोंदीच्या वेळी काय सांगितलं होतंत?"

"सगळ्यांनी नुसतं 'काळी' सांगितलं. सगळ्यांच्याच काळ्या हायत की! माझी वळकायची कशी? मी सगळं सांगितलं."

हवालदार बाईंनी कपाळावर हात मारला. फाईलमध्ये ते सगळं वर्णन अवतरणचिन्हांत होतं आणि स्क्रिप्टने त्याच्या आतले स्वल्पविरामही तोडले होते. 'अवतरणातलं तोडायचं नाही' एवढं त्यांनी स्क्रिप्टला बजावलं. वर्णन सलग झालं आणि मालकाच्या जागी तक्रारदार बाईंचं नाव आलं.

संध्याकाळच्या धारेला म्हैस घरी होती. मी मात्र एक गोष्ट शिकलो. माणूस बोलता बोलता थांबला, म्हणजे त्याचं बोलणं संपलं असं नाही. त्यानंतर जबाब घेताना मी कोणालाही मध्ये तोडलं नाही.

सुरुवात त्याच दिवशी ठाण्यातच केली. संशयिताला म्हशीचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं, 'लाथ घालते'पर्यंत, आणि गप्प बसलो. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"खरं हाय सायेब! चोरली तवापासनं लाथाच खातोय की मी!"