संक्रांतीपर्यंतची बाग

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता हे राहिले नाहीत. लेकींना सांगावं असं दोन-चारदा मनात आलं, पण जीभ वळली नाही. तुम्ही परके, म्हणून कदाचित जमेल. बघू.

गोष्ट एका बागेची आहे. म्हणजे, बागेची म्हणून सुरू करते. तेवढं सोपं जातं.

निजामाच्या अमदानीत हे कचेरीत कारकून होते. घरात आम्ही धाराशिव म्हणायचो, कचेरीत उस्मानाबाद लिहायचं. भाड्याच्या दोन खोल्या. पुढं गल्ली, मागं भिंत. तुळशीच्या कुंडीलासुद्धा ऊन शोधत फिरावं लागायचं. भिंतीपलीकडं मुन्शीजींचं घर. तेही ह्यांच्याच कचेरीत. घरात मुन्शीजी, त्यांची बायको, जिला मी आपा म्हणायची, आणि मुन्शीजींची म्हातारी आई. तिला अख्खी गल्ली बडीबी म्हणायची. आणि त्यांच्या मागच्या अंगणात आपाची बाग.

ती हिवाळ्यात बघावी. दसरा झाला की आपा गुलाब छाटायची, मुळं उघडी करून त्यांना ऊन दाखवायची, मग शेणखत भरायची. थंडी पडली की कुंपणावर वालाचा वेल चढलेला, खाली शेवंती, आणि मधोमध ते गावठी गुलाब — वास असा की गल्लीतनं जाणारा माणूस थांबायचा. सकाळी ती भिंतीवरून हात वर करायची. "लेव भाभी, तुमारे देव कू."

मी हसून घ्यायची. पण खरं सांगू? ते फूल मला बोचायचं. तिच्याकडं द्यायला होतं. माझ्याकडं नुसतं घ्यायला.

रझाकारांचा धुमाकूळ चालला होता तेव्हा मी माझ्या लहानग्या पोरी घेऊन ह्याच आपाच्या माजघरात लपून बसलेली आहे. हे सांगायलाच पाहिजे. गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

मग फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि वारं उलटं फिरलं. आता भ्यायची पाळी त्यांची. मुन्शीजींनी कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं, पण त्या दिवसांत हे बघत कोण होतं? बैलगाडी जोडून ते गुलबर्ग्याला निघाले, आपाच्या भावाकडं. जाताना तिनं बागेच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली.

"झाडां कू पानी डालते रहो भाभी. गल्ली ठंडी हुई तो बोल के भेजो."

मी हो म्हटलं. दोन्हीला.

पाणी मी घातलं. त्यात कसूर केली नाही — जीव लावला म्हणा ना! दसऱ्यानंतर गुलाब मी छाटले, हात काट्यांनी फाडून घेतले. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, पोहरा वर आला की वाफ निघायची. पाणी घालून झालं की शेवंतीशेजारी उन्हात बसायची. घरी सासूबाईंची हाक, पोरींची रड, चुलीचा धूर — तिथं ह्यातलं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठंतरी एकटी, सुखानं बसले होते. दुसऱ्याच्या अंगणात.

नव्या अंमलाबरोबर पुण्याकडचे एक साहेब आले होते. त्यांची बायको एकदा बागेच्या दाराशी थांबली.

"अगं बाई, काय शेवंती आहे! तुमचीच का हो बाग?"

"हो," मी म्हटलं.

किती सहज निघालं तोंडातून! मग ती वरचेवर येऊ लागली. कारकुनाच्या बायकोकडं साहेबीणबाई! गल्लीत माझी मान उंच झाली. एके दिवशी मीच म्हटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू बागेतच करते, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना आणा. तोवर गुलाब भरात येतील.

दिवाळी सरता सरता गल्ली निवली होती. मुन्शीजींसारखाच पळून गेलेला समोरचा शिंपी बायकापोरांसकट परत आला, दुकान उघडलं. त्याला कुणी 'का आलास' म्हणूनसुद्धा विचारलं नाही. जेवताना हे म्हणाले, "मुन्शीजींना निरोप धाडायला पाहिजे. आता काही भ्या नाही."

"धाडते," मी म्हटलं. "तिकडं जाणारं कुणी भेटलं की धाडते."

जाणारे भेटत होते. मी धाडत नव्हते.

मार्गशीर्षात कासारीण आली. तिची लेक गुलबर्ग्याला दिलेली, तिच्याकडं जाऊन आली होती. मी गुलाबांना आळी करत होते. कळ्या नुकत्या धरल्या होत्या.

"वैनी, तुमची आपा भेटली तिकडं," ती म्हणाली. "लई इनवून इचारलंय तिनं. आता यावं का?"

"बरे आहेत ना सगळे?"

"कशाचं बरं? भावाच्या घरात मानसं मावंनात. ह्यास्नी ओसरीवर जागा दिलीया. म्हातारीला थंडी सोसंना बगा. नुसती खोकतीया."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकू आलं नाही, कळलं नाही असं काही नाही. बडीबी मला दिसलीसुद्धा, ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन. आणि त्याच क्षणी दुसरं काय दिसलं? ते आले तर किल्ली द्यावी लागेल. साहेबीणबाईंना काय सांगू? मी पुन्हा भिंतीअलीकडं.

"अजून नको म्हणावं," मी म्हटलं. "लोक तापलेले आहेत. संक्रांत होऊ दे, मग बघू."

कासारणीनं गल्लीकडं पाहिलं. शिंप्याचं मशीन चालू होतं, आवाज आमच्यापर्यंत येत होता. "व्हय?" ती म्हणाली. मग बांगड्यांची वळकटी उचलली. "तुमास्नी ठावं."

ह्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, निरोप धाडला होता, तेच एवढ्यात येत नाहीत म्हणतात.

हळदीकुंकू फार छान झालं. खोटं का बोलू? गुलाबांनी झाडं वाकली होती. प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, केसांत आपाचा गुलाब माळला, आणि गोड बोला म्हटलं.

संक्रांतीनंतर मी निरोप धाडला. माघात गाडी आली. तिघं गेले होते, दोघं उतरले. बडीबी पौषात गेली होती, छाती भरून. आपानं बाग बघितली आणि माझे दोन्ही हात धरून रडली.

"तुमे नको बोले सो अच्छाच हुआ भाभी. आते तो क्या होता की."

हे तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं. भाभीनं आमचा जीव वाचवला. बायका मला मान द्यायला लागल्या. मी तो घेतला. घ्यायची सवय होतीच.

पुढं एकदा शिंप्याची बायको आपाच्या अंगणात बसली होती. मीही होते. बोलता बोलता ती म्हणाली, "हमे तो दिवाली होतेच आ गए. कोई कुछ नै बोला."

आपाचा खुरप्याचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी काय बोलले?

"तुमचं वेगळं होतं आपा. मुन्शीजी कचेरीतले. त्यांच्यावर लोकांचा डोळा होता."

कुणाचा नव्हता.

"हौ," आपा म्हणाली आणि पुन्हा गवत काढू लागली. तिला ते पटलं का? मला माहीत नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मी तर नाहीच.

आपा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेली. शेवटच्या दुखण्यात मी रोज तिच्याकडं जायची. एका दुपारी मुन्शीजी औषधाला बाहेर गेले होते, घरात आम्ही दोघीच. ती पुरती शुद्धीवर होती, माझ्याकडं बघत होती. मी तिला पेज पाजली, तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं आणि घरी आले.