खिडक्यांची विचारपूस करणारे भाऊजी

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणसांच्या आधी खिडक्यांची विचारपूस करणारा गृहस्थ अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो आमच्या नात्यात निघाला. माझ्या नवऱ्याचे हे थोरले आतेभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनियर, आमच्या कितीतरी आधी मिनेसोटाला आलेले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन ईडन प्रेरीला आले, तेव्हा एअरपोर्टवर न्यायला तेच होते. बाहेर बर्फ, माझ्या साडीवर कुणाचा तरी उसना कोट, आणि भाऊजी पहिल्या भेटीत म्हणाले, "प्रवास बरा झाला ना? घरी कुकर लावशील तो पंखा लावूनच लाव." मला वाटलं, या देशात कुकरलाही पंखा जोडावा लागतो.

कुणाकडेही गेले की बूट काढता काढता त्यांची नजर काचेकडे जायची. काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचे, आणि ओलं लागलं की चेहरा असा व्हायचा, जणू घरात कुणी आजारी आहे आणि या लोकांनी अजून डॉक्टरला कळवलेलं नाही. कोटाच्या खिशात हवेतला ओलावा दाखवणारं, गजराच्या घड्याळाएवढं एक यंत्र असायचं. ते टीव्हीवर ठेवून मगच चहाला हो म्हणायचे. मग बाथरूमची पाळी. तिथला, हवा बाहेर ओढणारा पंखा सुरू करून त्याच्या जाळीला टिश्यू लावायचा. चिकटून राहिला तर पंखा पास, खाली पडला तर नापास. एकदा एका डॉक्टरांच्या घरी जेवायला गेलो असताना भाऊजी बराच वेळ बाथरूममधून बाहेरच येईनात. डॉक्टरांनी काळजीनं दार वाजवलं, "काय हो, पोट बिघडलंय का?" आतून उत्तर आलं, "पोट उत्तम आहे. तुमचा पंखा बिघडलाय!"

पण नुसते दोष काढून गप्प बसणारे ते नव्हते. समजावून सांगायचे, आणि तेही इतक्या जिव्हाळ्यानं की वरण गार झालं तरी माणसं ऐकत राहायची. "गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना? तुमची खिडकी म्हणजे तो पेला. आंघोळ, स्वयंपाक, बेसमेंटमध्ये वाळत घातलेले कपडे, आपण एवढे बोलतोय तो श्वास, या सगळ्याची वाफ घरातच फिरते. घर तापवायचं तेल महागल्यापासून घरं बांधतात डब्यासारखी घट्ट. ती बिचारी जाणार कुठे?" वाफेला 'बिचारी' म्हणणारा दुसरा इंजिनियर मी पाहिला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भाऊजींच्याच घरी, वहिनींच्या दिवाणखान्यात आम्ही सगळ्या रेशमी साड्या नेसून बसलो होतो. स्वयंपाकघरात मसालेभात शिजत होता आणि काचांवरून ओघळ लागले होते. भाऊजी खोलीत आले, हात जोडून म्हणाले, "तिळगूळ घ्या आणि कोट घाला," आणि त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. पाचच मिनिटं, पण मिनेसोटाची जानेवारीतली पाच मिनिटं! पैठण्यांवर कोट चढवून आम्ही एकमेकींना कुंकू लावलं. वहिनी हसत म्हणाल्या, "काय सांगू गं, लग्न झाल्यापासून माझा संसार उघड्यावरच आहे."

मीही तेव्हा खूप हसले. पुढच्या हिवाळ्यात आमची मुक्ता काही महिन्यांची होती आणि तिला खोकला धरला. औषध चालू होतं, तरी छातीतली घरघर जाईना. शेजारणीनं सांगितलं, हवा कोरडी आहे, वाफेचं मशीन लाव. मी ते दिवसरात्र लावलं आणि थंडी नको म्हणून पडदे गच्च ओढून घेतले. खोकला वाढला. भाऊजी बघायला आले, त्यांनी पडदा बाजूला केला, आणि पाळण्यामागच्या भिंतीवर काळी बुरशी पसरलेली आम्हाला पहिल्यांदा दिसली. मला रडूच आलं. ते रागावले नाहीत. मशीन बंद केलं, पाळणा आमच्या खोलीत हलवला, बाथरूमच्या पंख्याला टिश्यू लावून पाहिला. तो खाली पडला. "शिडी आण रे," ते नवऱ्याला म्हणाले.

पन्नाशी उलटलेली, तरी ते छपराखालच्या माळ्यावर सरपटत गेले. पंख्याचा पाइप सुटून, थंडी अडवायला तिथं पसरलेल्या कापसात रुतला होता. आंघोळीची सगळी वाफ बाहेर न जाता माळ्यावर गोठून बसली होती. पाइप जोडून ते उतरले तेव्हा केसांत गुलाबी कापूस आणि नाकाचा शेंडा लाल. "भिंत पुसून घे. आंघोळीनंतर पंखा चालू ठेव, दिवसा पडदे उघडे, सकाळ-संध्याकाळ थोडी खिडकी." मग रोज ऑफिसमधून फोन. काचेच्या आधी माणसाची चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली: "मुक्ता कशी आहे? आणि काच?" काच आधी कोरडी झाली. खोकल्यानं वेळ घेतला, पण तोही गेला.

हे वेड कुठून आलं, ते वहिनींनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. "आम्ही नवे आलो तेव्हा बेसमेंटच्या खोलीत राहायचो. माझा दमा तिथलाच. भिंती ओल्या, मला श्वास घेता येईना, आणि हे उशाशी बसून राहायचे. म्हणायचे, मी इंजिनियर आहे आणि मला काही कळत नाही. मग शिकले." एवढं बोलून त्यांनी पंखा सुरू केला आणि फोडणी घातली.

दशक संपता संपता डॉक्टरांनी वहिनींना थंडीपासून लांब राहायला सांगितलं. भाऊजींनी नोकरी सोडली आणि दोघं टेक्ससला, अर्विंगला, मुलाजवळ राहायला गेली. वहिनींना तिथं खूप बरं वाटतं. भाऊजी अंगणात टोमॅटो लावतात म्हणे. रविवारी आम्ही फोन करतो.

"बर्फ पडला का गं?" ते विचारतात.

"पडला भाऊजी, गुडघ्याएवढा."



"बरं. इथं काचा कोरड्याच असतात," ते हळूच म्हणतात, "वहिनीशी बोल."